मिठाईचा डबा आणि नगरसेवकाची वही



गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर चहा घेताना अण्णांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. अण्णा म्हणजे आमच्या पनवेलच्या आळीतले सर्वांचे अण्णा. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले. घरात बाबासाहेबांचा फोटो, कपाटात खंड आणि खिशात बॉलपेन. माणूस मोजकेच बोलतो, पण बोलला की ऐकावे लागते.

त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या नोकरीतल्या दिवसांची आहे. तेव्हा ते दुसऱ्या तालुक्याच्या गावी बदलीवर होते. आपल्या घरी दिवाळी नसली तरी आळीत दिवाळी असतेच. संध्याकाळी एक गृहस्थ दारात आले आणि सुक्या मेव्याचा मोठा डबा वहिनींच्या हातात ठेवून निघून गेले. अण्णा घरी आले तेव्हा धाकट्या लेकीने दोरा सोडून एक काजू तोंडात टाकलाही होता. अण्णांनी देणाऱ्याचे नाव विचारले. त्या गृहस्थांच्या जमिनीच्या नोंदीचे काम अण्णांच्या टेबलावर होते. अण्णांनी डबा पुन्हा बांधला, सायकल काढली आणि तीन किलोमीटर जाऊन परत दिला. आत एक चिठ्ठी ठेवली : ‘एक काजू मुलीने खाल्ला आहे. क्षमस्व.’

वहिनी आजही हसून सांगतात, “पोरगी रात्रभर रडली. मलाही राग आला होता. एवढा काय मोठा डबा होता?”

अण्णांचा प्रश्न पुढे आहे. ते म्हणाले, “त्याच आळीच्या टोकाला एका नगरसेवकाचे घर होते. मी सायकलवर डबा बांधत होतो तेव्हा त्यांच्या दारात गाड्यांची रांग होती. ठेकेदार उतरत होते, बिल्डर उतरत होते, डबे आत जात होते. कोणी लपवत नव्हते, कोणी विचारतही नव्हते. माझ्याकडे एका सातबाऱ्याचे काम होते, त्यांच्याकडे अख्ख्या गावाचे. मला नियम आणि त्यांना नाही, हे कसे?”

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठवडाभर विचार केला, कायद्याची पुस्तके चाळली, आणि आज या सदरात उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आधी अण्णांच्या नियमाविषयी. आपल्या समाजात सरकारी नोकरीतली घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा नियम बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. सरकारी नोकराने भेटवस्तू कोणाकडून घ्यावी, कोणत्या प्रसंगी घ्यावी, किती किमतीची झाली म्हणजे वरिष्ठांना कळवावे, हे त्यांत लिहिले आहे. लग्नकार्यात नातेवाइकाने दिलेला आहेर वेगळा, आणि ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे त्याने दिलेला डबा वेगळा. सहज झालेले एक जेवण किंवा वाटेत कोणी गाडीतून सोडले, तर ती भेट धरत नाहीत. पण ज्यांचे कामकाज आपल्याशी आहे अशांचा भारी किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असे नियम बजावतात. शिवाय मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो तो वेगळाच. नियम सगळेच पाळतात असे आम्ही म्हणणार नाही. पण नियम आहे, म्हणून अण्णांसारख्याला ‘नाही’ म्हणायला आधार आहे.

आता नगरसेवकाकडे वळू. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. जुने पनवेल, २९ गावे आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशा वसाहती एका छत्राखाली आल्या. रायगड जिल्ह्यातली ही पहिलीच महानगरपालिका. मे २०१७ मध्ये ७८ नगरसेवकांचे पहिले सभागृह निवडून आले. त्याची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये दुसरी निवडणूक झाली.

या सभागृहाच्या हातात काय असते? अंदाजपत्रक असते, करांचे दर असतात, शहराचा विकास आराखडा असतो. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि मोठमोठ्या ठेक्यांचे प्रस्ताव त्यांच्यापुढे येतात. कुठल्या भूखंडावर बाग राहावी आणि कुठल्या भूखंडावरचे आरक्षण उठवण्याची शिफारस व्हावी, याची चर्चा तिथे होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून पनवेल परिसरातल्या गुंठ्या-गुंठ्याला सोन्याचे मोल आले आहे. अशा गावात सभागृहातल्या एका हात वर करण्याची किंमत काय होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि आपल्या वस्तीच्या दृष्टीने पाहा. दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून गटार मंजूर होते, समाजमंदिर मंजूर होते, पायवाट मंजूर होते. ठेका कोणाला मिळाला हे आपल्याला कळत नाही. पहिल्याच पावसात गटाराची लादी खचते, पाणी घरात शिरते, आणि आमच्या भगिनी बादल्यांनी ते उपसत बसतात. तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जावे तर तो म्हणतो, बघतो. ठेकेदार त्याचा मेव्हणा असेल तर तो काय बघणार? म्हणून ‘हितसंबंध’ हा शब्द मोठा आणि लांबचा वाटला तरी त्याचे पाणी आपल्याच उंबऱ्यातून आत येते.

मग कायदा काहीच म्हणत नाही का? म्हणतो, आणि बरेच म्हणतो.

पनवेल नगर परिषद असताना तिला १९६५ चा नगर परिषदांचा कायदा लागू होता. परिषदेच्या ठेक्यात ज्याचा वाटा आहे त्याला सदस्य होता येत नाही, आणि ज्या विषयात स्वतःचा किंवा भागीदाराचा वाटा आहे त्या विषयात नगरसेवक म्हणून भाग घेतला तर पद जाऊ शकते, असे त्यात सांगितले आहे. महानगरपालिका झाल्यावर १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. त्याच्या १० व्या कलमाप्रमाणे महापालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत वाटा असलेला माणूस नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो. अनधिकृत बांधकाम केले तरी पद जाऊ शकते.

लाचेविषयी १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. नगरसेवक हा ‘लोकसेवक’ आहे की नाही, यावर आपल्या देशात बरीच वर्षे वाद होता. महाराष्ट्रातल्या एका नगरसेवकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले होते की, जुन्या दंडविधानातल्या व्याख्येप्रमाणे तो लोकसेवक नव्हे. पुढे १९८८ चा नवा कायदा आला आणि व्याख्या रुंदावली. राजस्थानातल्या बांसवाडा नगरपालिकेच्या नगरसेवकाच्या खटल्यात २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने निर्वाळा दिला की, या कायद्याखाली नगरसेवक लोकसेवकच आहे. याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली, ज्याचे काम आपल्यापुढे आहे किंवा येणार आहे त्याच्याकडून काही मोल न देता फायदा घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र एखाद्याला जबरदस्तीने द्यावे लागले आणि त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर तो सुटतो.

मतदारासाठी आणखी एक सोय झाली. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. नगरसेवकपदाच्या उमेदवारालाही ते द्यावे लागते.

इतके सगळे असून अण्णांचा प्रश्न उरतोच. का उरतो? कारण हे सगळे एक तर आधी आहे किंवा नंतर आहे. शपथपत्र निवडणुकीच्या आधी, एकदाच. अपात्रतेचा दावा आणि लाचेचा खटला सगळे घडून गेल्यावर, तोही कोणी वकील लावला तर. मधली जी पाच वर्षे आहेत, जेव्हा डबे येतात, पार्ट्या होतात, सहली निघतात, मुलाच्या लग्नाचा हॉल कोणीतरी परस्पर भरतो, त्या पाच वर्षांसाठी नगरसेवकापुढे कोणी वही ठेवत नाही. या वर्षी मला कोणी काय दिले, माझ्या घरच्यांची जमीन कुठे आहे, भावाची कंपनी कोणती, हे लिहून लोकांसाठी उघडे ठेवण्याचा रिवाज आपल्याकडे नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे : नगरसेवकाची अशी वही असली पाहिजे, ती उघडी असली पाहिजे, आणि ती कोणालाही वाचता आली पाहिजे.

ही कल्पना हवेतली नाही. शेजारच्या बेळगावकडे पाहा. तिथली मराठी घरे आणि आपली घरे यांच्यात सोयरिकी आहेत. बेळगाव महापालिकेला कर्नाटकचा १९७६ चा कायदा लागू आहे. त्यात नगरसेवकाने पद घेतल्यावर आणि पुढे दरवर्षी आपल्या मालमत्तेचे विवरण द्यावे, अशी तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या प्रादेशिक आयुक्तांनी दोन नगरसेवकांना अपात्र ठरवले. आरोप असा की, ‘खाऊ कट्टा’ नावाच्या ठिकाणचे गाळे त्यांच्या पत्नींच्या नावे मिळवले होते. नगरसेवकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कोण बरोबर आणि कोण चूक, यात आम्ही पडत नाही. आम्हांला त्यातला एकच मुद्दा घ्यायचा आहे. गाळा पत्नीच्या नावे आहे म्हणून नवऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, ही सबब आयुक्तांनी मानली नाही. घर एक, चूल एक, तर लाभही एकच.

आता जरा लांब जाऊ. लंडनमधल्या १०, किंग हेन्री रोड या घराची माहिती आपल्या बहुतेकांना आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. ते घर कॅम्डेन नावाच्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, म्हणजे आपल्या भाषेत तिथल्या पालिकेच्या. घराचे स्मारक करायचे म्हणून परवानगी मागितली, तेव्हा शेजाऱ्यांच्या हरकती आल्या, कौन्सिलने परवानगी नाकारली, जाहीर चौकशी झाली आणि शेवटी मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्याने परवानगी दिली.

त्या देशात अशा प्रकरणावर मत देणाऱ्या नगरसेवकाला काय बंधन असते, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे निवडून आल्यापासून २८ दिवसांत प्रत्येकाने आपला नोकरीधंदा, जमीन, ठेके, कंपन्यांतले भाग हे सगळे नोंदवायचे. पती किंवा पत्नीचेही नोंदवायचे. ती नोंदवही लोकांना पाहता येते. ज्या विषयात आर्थिक हितसंबंध आहे त्या विषयावर बोलायचे नाही आणि मतही द्यायचे नाही. लपवले तर तो गुन्हा. भेटवस्तू आणि पाहुणचाराचे नियम प्रत्येक कौन्सिल आपापल्या आचारसंहितेत करते. पन्नास पौंडांच्या वरची भेट किंवा मेजवानी असेल तर ती लिहून कळवावी, असे पुष्कळ ठिकाणी आहे. घेतली तरी लिहा, काही ठिकाणी तर नाकारली तरी लिहा. तिथली माणसे आपल्यापेक्षा सज्जन आहेत असे नव्हे. माणूस तिथेही माणूसच आहे, म्हणून तर वही ठेवावी लागली.

आपल्याकडेही वरच्या पातळीवर सुरुवात झालेली आहे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. आपल्या संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाकडे आपण ‘पदव्या नाहीत’ म्हणून पाहतो. त्याचे चौथे कलमही वाचावे. राज्याखाली लाभाचे किंवा विश्वासाचे पद धारण करणाऱ्याने राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परकीय राज्याकडून भेट, वेतन किंवा पद घेऊ नये, असे त्यात आहे. ‘विश्वासाचे पद’ हे शब्द लक्षात ठेवा. भेट आणि विश्वास यांचे नाते घटनाकारांनी ओळखले होते. परक्या राजाने दिलेल्या भेटीला जो धोका, तोच गावातल्या बिल्डरने दिलेल्या भेटीलाही असतो.

इथे कोणी म्हणेल की, हितसंबंध म्हणजे फक्त पैसा. आम्हांला तसे वाटत नाही, आणि याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या ठरावाप्रमाणे तळ्याचे पाणी घेतले. आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयात दावे चालले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

तो ठराव मागे घेताना हात वर करणाऱ्यांच्या खिशात कोणी पैसे घातले होते, असे कोणी म्हणत नाही. पण त्यांचा हितसंबंध नव्हता का? त्यांची जात हाच त्यांचा हितसंबंध होता. पाणी आपल्याच लोकांपुरते ठेवण्यात त्यांचे हित होते, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. नगरपालिकेचा एक ठराव माणसाला पाण्यापर्यंत नेतो आणि दुसरा ठराव त्याला दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून पालिकेचा कारभार हा आपल्या समाजाचा जुना आणि जिव्हाळ्याचा विषय आहे.

आता कटू भाग. तो लिहिताना आमचाही हात जड होतो.

नगरसेवकाच्या दारात गाड्या लागतात, हे खरे. पण नगरसेवकाच्या दारातून निघालेली गाडी कुठे येते? ती आपल्या दारात येते. चौदा एप्रिलला मंडप, लाऊडस्पीकर आणि जेवण यांचा खर्च कोण करतो? विहाराला पंखे, खुर्च्या, सतरंज्या कोणी दिल्या, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. महिला मंडळाच्या सहलीची बस कोणी भरली? संक्रांतीच्या नावाने कार्यक्रम होतो, आपल्या भगिनीही जातात आणि स्टीलचा डबा घेऊन येतात. आपण म्हणतो, नगरसेवकाने दिले. त्याने कुठून आणले, हे आपण विचारत नाही. ठेकेदाराने त्याला दिलेल्या पैशातली एक खुर्ची आपल्या विहारात आली असेल, तर त्या खुर्चीवर बसून गटाराची तक्रार करण्याची हिंमत आपल्याला कशी होणार?

भेट गप्प करते. तोंडात घास असताना बोलता येत नाही, तसेच हे आहे.

दुसऱ्याला सांगण्याआधी आम्ही आमचा हितसंबंध जाहीर करतो. या साप्ताहिकाच्या जयंती अंकात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या अंकात नगरसेवकांच्या शुभेच्छांच्या जाहिराती आम्ही छापल्या आहेत आणि त्यांचे पैसेही घेतले आहेत. त्या पैशांतून कागद आला आणि छपाईचे बिल भागले. त्या जाहिरातींमुळे आम्ही कोणाविषयी लिहायचे टाळले का? मुद्दाम टाळले नाही असे आम्हांला वाटते. पण ‘आम्हांला वाटते’ याला पुरावा म्हणत नाहीत. म्हणून आम्ही ठरवले आहे की, राजकीय पदावरच्या माणसाची जाहिरात छापली तर त्याच अंकात तिची रक्कमही छापायची. वाचकांनी काय ते ठरवावे.

कोणी विचारील, दान देऊ नये काय? दान तर आपल्या धम्मातली पहिली पारमिता आहे. दान जरूर द्यावे. पण दान आणि सौदा यांत फरक आहे, आणि तो पाहायला शास्त्र लागत नाही. आपण पंचशील घेतो त्यात दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. कोणी चतुराईने म्हणेल, डबा तर दिलेला होता. दिलेला होता खरा, पण कोणाला? त्या माणसाने अण्णांना डबा दिला नव्हता, त्यांच्या टेबलाला दिला होता. अण्णांची बदली झाली असती तर पुढच्या दिवाळीत तोच डबा त्यांच्या जागी आलेल्या कारकुनाच्या घरी गेला असता. पद हे लोकांनी दिलेले असते. पदाला आलेली वस्तू माणसाने घरी नेली, तर ती न दिलेलीच घेतली, असे आम्ही मानतो.

तथागतांची एक गोष्ट पाली वाङ्मयात आहे. भारद्वाज नावाचा एक ब्राह्मण रागाने येऊन त्यांना नाही नाही ते बोलला. तथागतांनी शांतपणे विचारले की, तुझ्या घरी पाहुणे आले, तू त्यांच्यापुढे जेवण मांडलेस आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तसेच तुझे हे शब्द मी घेत नाही, ते तुझ्याकडेच राहिले. ही गोष्ट आपण शिव्यांविषयी सांगतो. आम्हांला ती डब्याविषयीही खरी वाटते. घेतले नाही तर ते देणाऱ्याचेच राहते, आणि त्याच्याबरोबर त्याचा हेतूही त्याच्याकडेच राहतो.

आणि पाहुणचार कशाला म्हणावे, हे पनवेलला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांना या गावात पाणी मिळाले नाही हे कळल्यावर पाण्याचा माठ भरून त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या सोनबाची आठवण आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सोनबाला ठेका नको होता, परवानगी नको होती, पद नको होते. त्याला आपल्या बापाला पाणी पाजायचे होते. सोनबाच्या माठाला कोणती वही लागली असती? तो माठ भर रस्त्यावर ठेवलेला होता. जे उघड्यावर देता येते आणि उघड्यावर घेता येते, तेच खरे आतिथ्य.

मग करायचे काय? नुसते लिहून भागत नाही, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट आपल्या घरातली. प्रत्येक विहार समितीने आणि जयंती मंडळाने देणगीची वही ठेवावी. देणाऱ्याचे नाव, रक्कम किंवा वस्तू, तारीख, आणि तो पदावर आहे काय किंवा पालिकेचा ठेकेदार आहे काय, एवढे लिहावे. पावतीशिवाय पैसा घेऊ नये. वंदनेच्या दिवशी ती वही सर्वांना पाहायला ठेवावी. दहा-दहा रुपयांच्या वर्गणीने जयंती लहान होईल, पण ती आपली होईल.

दुसरी गोष्ट नगरसेवकाकडे. सभागृहात कोणीही असो, कोणत्याही पक्षाचा असो, आणि आपल्या समाजाचा असेल तर आधी त्याला, शिष्टमंडळाने भेटून सांगावे की, दरवर्षी आपले आणि आपल्या घरच्यांचे हितसंबंध, भेटी आणि पाहुणचार एका कागदावर लिहून प्रभागाच्या फलकावर लावा. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायला नको. स्वतःहून लिहायला कायद्याने कोणाला बंदी केलेली नाही. एका नगरसेवकाने लावला की दुसऱ्याला लोक विचारतील.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्कही नाही. आपल्या वस्तीतल्या गटाराचा ठेका कोणाला दिला, किती रकमेला दिला, स्थायी समितीच्या सभेत कोण हजर होते, ही कागदपत्रे मागवा. उमेदवारीच्या वेळचे शपथपत्र काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. कोणी उघड लाचच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

चौथी गोष्ट माता-भगिनींसाठी. स्टीलचा डबा नाकारायला पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त हिंमत लागते, कारण शेजारीण तो घेऊन चाललेली असते. पण घरात आलेली वस्तू कोणाची आणि कशासाठी, हे विचारण्याची सवय मुलांना आईच लावते.

शेवटी पुन्हा अण्णांकडे. त्यांना आमचे उत्तर असे : अण्णा, तुम्हांला नियम होता आणि नगरसेवकाला वही नाही, ही आपल्या व्यवस्थेतली उणीव आहे. ती भरून काढायची तर मागणी खालून, वस्त्यांतून यावी लागेल.

हे ऐकून अण्णांनी मान हलवली. वहिनी मात्र आतून म्हणाल्या, “त्या काजूसाठी रडणारी पोरगी आता शाळेत मास्तरीण आहे. गेल्या वर्षी एका पालकाने तिला साडी आणून दिली.”

आम्ही विचारले, “मग?”

“मग काय? स्कूटर काढली आणि परत देऊन आली. चिठ्ठी तेवढी ठेवली नाही.”

जय भीम. जय भारत.